टोपी काढली तरी दगडूबा गेला नाही

आमचे डॉक्टर सर आज सकाळी गेले.

त्यांचा अल्झायमर सगळ्यात आधी मी तपासला होता. तपासला, आणि खो खो हसले होते.

सर पाटोद्याचे, मेंदूचे डॉक्टर. स्मृतिभ्रंशाच्या रिसर्चला त्यांनी पीएचडीची भलतीच टीम जमवलेली. मी भाषेची, इम्रान कॉम्प्युटरचा.
"मेंदू काय एकट्या डॉक्टरच्या बापाचा हाय का?" म्हणायचे.

म्हाताऱ्या माणसांची टेस्ट कशी घ्यायची, हे ते स्वतः म्हातारा होऊन शिकवायचे. दर सोमवारी पांढरी टोपी चढवली की सर म्हणजे शिरूर कासारचे दगडूबा, जन्मभर ऊस तोडलेले.

पहिल्याच दिवशी मी दगडूबाला तारीख विचारली.
"तारीख कावून इचारतीस, बाई? कारखाना कवा सुरू झाला ते इचार की!"

मग टोपी काढून सर कडाडले, "तारखेवरून मार्क कापलेस तर अर्धा तालुका येडा ठरंल! आन् मार्क खरंच कमी आले, तर आधी घरच्यांना सांगायचं. फाईलमधी दडवायचं न्हाई."

तीन वर्षांपूर्वीचा एक सोमवार.

मी तीन शब्द सांगितले. बाजरी, कोयता, रांजण. मग घड्याळ काढायला लावलं. सगळे आकडे एकाच बाजूला.
पाच मिनिटांनी शब्द विचारले.
"कोणते शब्द?"

"सर, काय ॲक्टिंग करता राव!" इम्रानने टाळ्याच वाजवल्या.

सरांनी टोपी काढली. हातात धरून बघत बसले. मग हळूच म्हणाले, "कोणते शब्द गं?"

आम्ही अजून हसलो. देवा, किती हसलो.

शब्दांना मी शून्य दिलं. सरांनी नेहमीसारखा माझा कागद तपासला, खाली शेरा लिहिला:
"मार्क बरोबर. घरच्यांना कधी सांगणार?"

मला वाटलं, दगडूबाच्या घरच्यांना. कागद फाईलला लावून मोकळी झाले.

आठ महिन्यांनी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. बीडला दवाखान्यात निघालेले सर पालीच्या धरणाजवळ सापडले. गाडी चालू, आणि कुठं जायचं ते आठवेना.

मग झपाट्याने त्यांच्या आठवणीतून सगळंच गेलं. मी गेले, काकू गेल्या, शेवटी बोलणंही गेलं.
काकू एकच म्हणायच्या, "कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांना समजत होतं तोवर बोलून तरी घेतलं असतं गं."

तरीही तो कागद मी फाईलमध्येच दडवून ठेवला. तो शेरा मला काकूंचा फोन आला तेव्हाच कळला होता. स्वतः सांगायची त्यांची हिंमत झाली नसणार, म्हणून शिकवलेल्या पोरीवर सोपवलं. आणि मी भित्री निघाले.

आज तो कागद काकूंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला.
"अक्षर किती सरळ हाय गं," म्हणाल्या. मग तोंड फिरवून बसल्या.

सर, घरच्यांना सांगितलं.
लई उशीर केला. माफ करा.
या, सर.