दूधवाल्यांची नखं

आमच्या दूधवाल्यांइतका मर्दानी माणूस अख्ख्या कोल्हापुरात नाही, आणि त्यांच्याइतकी सुंदर नखंही कोणाची नाहीत! ही दोन्ही विधानं मी एका दमात करतो, कारण त्यांच्या लेखी या दोन गोष्टींचं आपसात काही भांडणच नाही. तरुणपण तालमीत गेलेलं. मिशा अशा, की हेल्मेट घालताना आधी त्यांची सोय लावावी लागते. आवाज असा, की त्यांनी म्हशीला हाक मारली की शेजारची पोरं अभ्यासाला बसतात. आणि एवढ्या ऐवजाच्या टोकाला, दहाही बोटांवर झगझगीत नेलपॉलिश. कधी डाळिंबी, कधी मोरपंखी, सणाला चंदेरी.

राजारामपुरीतल्या ज्या दुकानात कॉलेजच्या मुली रंग निवडतात, तिथंच हे गाडीला दुधाच्या किटल्या अडकवून उभे असतात. दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नाही, त्यामुळं दुकानदाराला प्रत्येक बाटली बाहेर उन्हात आणायला लावतात. एकदा गाजरी आणि केशरी यांतला फरक त्यांनी मला भर रस्त्यात समजावून सांगितला. मला तो अजून कळलेला नाही. माझ्या बायकोला मात्र लगेच कळला, आणि तेव्हापासून कुठल्या साडीवर कुठला ब्लाउज हे ती मला विचारायची बंद झाली. दिवाळीच्या पाडव्याला, म्हशी सजवून गाडीमागं पळवायच्या दिवशी, तर त्यांना बघावंच. म्हशीची शिंगं आणि मालकाची नखं एकाच रंगात, पुढं फटफटणारी गाडी, मागं शेपूट उंचावून धावणारी म्हैस. आम्ही शिट्ट्या मारून मारून बेजार होतो.

कोल्हापूर तसं दिलदार, पण कारण मागतं. कोणी म्हणालं, देवीचा नवस असेल. कोणी त्यांना देवीला सोडलेल्या, साडी नेसणाऱ्या जोगत्यांत बसवलं. एका शिकलेल्या गृहस्थांनी मोबाइलवर शोधून त्यांच्यासाठी इंग्रजी नावही काढून आणलं. दूधवाले माप भरता भरता सगळ्यांना एकच सांगत, "नवस न्हाय, काय न्हाय. आवडतं मला."

गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या लेकीला बघायला मुरगूडचे पाहुणे यायचे होते. स्थळ तिला मनापासून आवडलेलं. दूधवाल्यांच्या बायकोनं आठवडाभर विनवण्या केल्या, की नखं पुसा, नाहीतर निदान नवस आहे म्हणून तरी सांगा, नवसाला कोणी नावं ठेवत नाही. ते नुसते मिशा कुरवाळत राहिले. शेजारी म्हणून मलाही बोलावलं होतं. पोह्यांची बशी घेताना मुलाच्या वडिलांची नजर त्या बोटांवर गेली. माणूस भला, त्यानं आपणच वाट करून दिली, "पावणं, नवसाचं हाय न्हवं हे?"

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर त्याच बैठकीत सुपारी फुटली असती. दूधवाल्यांनी आतल्या दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. 

"न्हाय ओ," ते म्हणाले. "आवड हाय माझी."

पोहे संपले, आणि काही दिवसांनी नकार आला. त्या दिवशी मी दुधाला गेलो तर ते गोठ्यात बसून कापसाच्या बोळ्यानं उजव्या हाताची नखं पुसत होते. पुसलेला तो हात मला ओळखू येईना. पोरीचं वाटोळं केलं मी, एवढंच पुटपुटत होते. तेवढ्यात लेक आली. रडून डोळे सुजलेले. तिनं बोळा काढून घेतला आणि शेजारी बसली.

"आबा, नवस म्हणून सांगितलं असतं, तर मला तिथं जन्मभर ते खोटं सांभाळत बसावं लागलं असतं. हात हिकडं करा."

तिनं एकेक नख पुन्हा रंगवलं. उजव्या हाताचं काम लहानपणापासून तिचंच. मी दूध न घेताच परत आलो.

आता तिचं वारणानगरला ठरलंय. या वेळी नखांचं तिनं स्वतःच मुलाला आधी सांगून टाकलं, आणि त्याची काही हरकत नाही. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झालाय, दूधवाल्यांनी तर गल्लीभर पेढे वाटले. फक्त परवा संध्याकाळी गोठ्यात डोकावलो, तर ते एकटेच बसून डाव्या हातानं उजव्या हाताची नखं रंगवायचा सराव करत होते. रंग सगळा बोटांवर पसरला होता.