डबी गेली मुरुमला

“डायव्हरसाहेब, थांबवा! गाडी उलटी चाललीय! आपण मुरुमला निघालोय!” भरल्या एसटीत आमचे साडू मोबाइल नाचवत ओरडत होते आणि खिडकीबाहेर तुळजापूरचा रस्ता मुकाट्यानं मागं पळत होता. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मोबाइलच्या पडद्यावर जास्त भरवसा ठेवणारा असा इसम साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नाही. नोकरीच तसली! एसटीत एक डबी ठेवायची. गाडी कुठवर आली, ते ती इंटरनेटवरून सतत कळवत राहते. माकड जसं पुढची फांदी धरल्याशिवाय मागची सोडत नाही, तसं डबीनं धावत्या गाडीत एका कंपनीचा टॉवर सोडून दुसरीचा धरायचा. मधे कनेक्शन तुटता कामा नये. ते तुटतं का, हे साडू तपासतात. नाद इतका, की धाकट्या मेहुणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना रेंजसाठी दोन पावलं डावीकडं सरकवलं. ते जोडपं रोज भांडतं, पण कनेक्शन आजवर तुटलेलं नाही.

त्या दिवशी शेवटची चाचणी होती. एकदा जरी तुटलं, तरी डबीचं काम कायमचं बंद. साडूंचा जीव त्यात अडकलेला, कारण भूमजवळच्या फाट्यावर त्यांची आई दर शनिवारी दुपारपासून उन्हात लेकाच्या गाडीची वाट बघत बसते. गाडी कुठं आली, ते तिला घरबसल्या दिसावं, एवढंच त्यांचं स्वप्न.

“साहेब, म्या तुळजापूरलाच चाललोय,” डायव्हर म्हणाला. “मुरुमला कोण चाललंय, ते तुमीच बघा.”

“डबी कुठंय?” मी विचारलं. साडूंनी खिसे चाचपले. नळदुर्गच्या स्टँडवर गर्दी बघून, जन्माची सवय, त्यांनी जागा धरायला हातातली वस्तू खिडकीतून आत टाकली होती. लोक रुमाल टाकतात, ह्यांनी डबी टाकली. तीही शेजारच्या मुरुम गाडीत!

पुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांना त्यांनी फोनवर सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, “गाडी कुठलीही असो, कनेक्शन तुटलं नाही. पास!” हसावं की रडावं, ते साडूंना कळेना. मला तर अजून कळलेलं नाही.

शनिवारी आम्ही फाट्यावर उतरलो. साडूंनी आईच्या हातात मोबाइल देऊन पुढं निघालेल्या एसटीचा सरकता ठिपका दाखवला. “आता उन्हात बसू नकोस, आई. मी कुठवर आलो, ते घरीच दिसंल तुला.”

म्हातारीनं ठिपका निरखला, पदरानं पडदा पुसला आणि मोबाइल परत दिला.

“घरी बसून म्या काय करू?” ती म्हणाली.