लस, सुरण आणि आमची आत्या

आमच्या घरातल्या चौघांनी एकाच दिवशी फ्लूची लस घेतली. दंड सगळ्यात जास्त माझा सुजला, आणि त्यात लशीचा काहीही दोष नव्हता.

आधी माझी ओळख. मी वैशाली, मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पळस्प्याजवळच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांचे दोन डंपर आहेत, त्यामुळे त्यांचा निम्मा दिवस पेट्रोल पंपावर जातो आणि तिथे ते अनोळखी माणसालाही सांगतात, "माजी पोरगी जंतूंचं शिकते." (तो माणूस दोन पावलं मागे सरकतो, हे बाबांच्या अजून लक्षात आलेलं नाही.) घरात दूध नासलं, इडलीचं पीठ फुगलं नाही, कोणाला शिंका आल्या, की सगळे म्हणतात, "वैशूला इचारा." मग मी "म्हणजे, मला तरी असं वाटतं..." अशी सुरुवात करते, आणि माझं वाक्य संपेपर्यंत प्रश्न विचारणारा निघून गेलेला असतो.

घरातली एक व्यक्ती मात्र मला कधीच काही विचारत नाही. माझी आत्या! बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर कडेवरच्या महेशदादाला घेऊन ती माहेरी आली, आणि तेव्हापासून आमच्या घरात तिच्या परवानगीशिवाय चहाही उकळत नाही. गेल्या वर्षी तिला फ्लू झाला, त्यात दमा उठला, आणि आठ दिवस तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून ती दवाखान्यात पडून होती. दर वर्षी फ्लूची लस घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आता महेशदादाचं लग्न ठरलं होतं. हळद तीन आठवड्यांवर आली होती. आमच्याकडची हळद म्हणजे चार गावं जेवायला आणि पाच गावं नाचायला! त्या गर्दीत कोण कोणाच्या तोंडावर शिंकेल याचा नेम नाही. लस घेतल्यावर शरीर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे आत्यानं लस घ्यायची तर याच आठवड्यात. नाहीतर एकुलत्या एका मुलाच्या हळदीला नवऱ्याची आई पुन्हा मास्कमध्ये!

"मना काय होत नाय," आत्या म्हणाली आणि तिनं डाव्या हाताची बाही वर केली. दंडावर रुपयाएवढा जुना व्रण. "ही बग, देवीची लस! शालंत टोचली व्हती. आठ दिवस ताप, मंग फोड, मंग खपली. तवापासून मना देवी आली नाय."

"आत्या, देवी आता कोणालाच येत नाही. तो रोग जगातूनच गेला."

"आमी टोचून घेतली म्हनून गेला ना!"

(हे अगदी बरोबर होतं! याच उत्तराला परीक्षेत मी दीड पान लिहिलं होतं. आत्या चौथी शिकलेली.)

मी धीर करून समजावायला लागले. "तुझी ती लस देवीसाठी होती. देवीच्या विषाणूचं तोंड फारसं बदलायचं नाही, म्हणून शरीरानं एकदा ओळखला की तो वर्षानुवर्षं लक्षात राहायचा. फ्लूचा विषाणू सारखं रूप बदलतो. गेल्या वर्षीच्या अँटीबॉडी यंदा त्याला नीट ओळखत नाहीत."

"म्हंजे पक्ष बदलतो," बाबा म्हणाले.

"हो, साधारण तसंच."

"मंग त्याच्यासाटी मी कशाला सुई टोचून घेऊ?" आत्या म्हणाली. शेवटी तिनं अट घातली. "आदी तुमी चौघं घ्या. उद्या सकाली मी दंड बगनार. माज्या दंडासारकी खून उठली तर लस खरी. नायतर नुसतं पानी."

आता इथे माझी चूक झाली. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, की 'काहींमध्ये' दंड दुखतो आणि किंचित सूज येते. मी 'काहींमध्ये' हा शब्द गिळला आणि म्हणाले, "व्रण नाही उठत, पण दंड सुजतो. सूज आली म्हणजे आतली फौज जागी झाली!" आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं वाक्य न अडखळता पूर्ण केलं होतं. आई तर माझ्याकडे बघतच राहिली.

शनिवारी संध्याकाळी नवीन पनवेलच्या एका दवाखान्यात जाऊन आम्ही चौघं टोचून आलो. रविवारी सकाळी ओटीवर तपासणी सुरू झाली. बाबांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांना शर्ट आईनं घातला, आणि बाबा मेडल मिळाल्यासारखे छाती काढून उभे! आईच्या दंडावर लिंबाएवढी गाठ. महेशदादाला तर कणकणही होती. आत्या एकेक दंड चाचपत "हां, हाय फौज" म्हणत पुढे सरकत होती.

मग माझा दंड आला. त्यावर काहीच नव्हतं! सूज नाही, लाली नाही. आत्यानं दाबून पाहिला, मी स्वतः दाबून पाहिला. शेवटी मी हळूच म्हटलं, "महेशदादा, एक बुक्की मार ना."

"मारली असती गो," दादा कण्हला, "पन माजा हातच उचलत नाय!"

"जंतूंच्या बाई," आत्या म्हणाली, "सगल्यांची फौज उटली आनि तुजीच झोपली? जिनं आनली तिलाच लागली नाय, तर मना काय लागनार? दुपारी परत बगीन. नाय उटली तर मी नाय घेनार, मना परत सांगू नका."

सूज न येताही लस पूर्ण काम करते, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग सकाळपासून जे तिघं अभिमानानं सुजले होते, त्यांचं काय? मला वाटलं, आता बोलले तर आत्या म्हणणार, ही दर तासाला वेगळं सांगते. (पक्ष बदलते!)

त्याच दुपारी महेशदादाच्या सासुरवाडीची माणसं उरणहून जेवायला यायची होती. स्वयंपाकघरात सुरमई, कोळंबी, सगळा थाट होता. नवरीची आजी माळकरी, म्हणून तिच्यासाठी आईनं सुरण चिरायला घेतलं होतं. सालांचा ढीग परातीत पडला होता. सुरण खाजतं, हे मला लहानपणापासून माहीत. अगदी बेताची, रुपयाएवढी लाली उठवायची, एवढाच माझा विचार! मी एक साल उचललं आणि न्हाणीत जाऊन दंडावर गोल गोल घासलं.

पाच मिनिटांत रुपया झाला. दहा मिनिटांत पुरी झाली. मग मी खाजवलं, आणि त्याच हातानं मान, मग गाल! पाऊण तासानं आरशात पाहिलं, तर कोपरापासून कानापर्यंत लाल लाल पुरळ.

मी बाहेर आले आणि आत्याच्या हातातली पळी खाली पडली. "आल्या! बाया आल्या गो घरात!"

बाया म्हणजे देवी. अंगावर असं काही उठलं, की आमच्याकडे आजाराचं नाव घेत नाहीत. घरात देवी पाहुणी आली, असं मानतात. मग घरात फोडणी नाही, तळण नाही, मासे तर नाहीच नाही! आत्यानं गॅस बंद केला. सुरमई तव्यावर एका बाजूनंच भाजलेली राहिली. महेशदादा एका हातानं कडुनिंबाचे डहाळे तोडायला धावला. मला धुतलेल्या चादरीवर बसवलं, आणि ज्या आत्यानं मला जन्मात कधी 'बस' म्हटलं नव्हतं, ती माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली!

"माते, काय चुकलं आमचं?"

"आत्या, मी वैशू आहे..."

"माते, शांत व्हा!"

शेजारच्या नर्मदाकाकी दारातून डोकावल्या. "काय झालं गो?"

"लशीनं बाया आनल्या," आत्या म्हणाली.

"अगो बाय! मी उद्या सासूला लस द्याला नेनार व्हते. आता नाय!"

सकाळपर्यंत एक आत्या लस घेत नव्हती. आता सगळी आळी घेणार नव्हती, आणि ते माझ्यामुळे! मी तोंड उघडणार, एवढ्यात बाहेर गाडी थांबली. उरणची मंडळी! आत्या फाटक अडवून उभी राहिली. "पाव्हनं, आत येऊ नका. घरात बाया आल्यात. आमच्या शिकलेल्या पोरीला लस बाधली."

नवरीचे बाबा मिठाईचा पुडा धरून रस्त्यातच थबकले. मी चादर गुंडाळून, केसांत कडुनिंबाचा पाला घेऊन फाटकापर्यंत धावले आणि ओरडले, "लस नाही, सुरण आहे!"

मग मी एका दमात सगळं सांगितलं. साल, न्हाणी, रुपया, पुरी. नर्मदाकाकींनी तोंडाला पदर लावला. बाबा आभाळाकडे बघायला लागले. माळकरी आजींनी फक्त एवढंच विचारलं, "समदं अंगालाच चोललंस, का जेवाला काय ठेवलंस?"

आत्या हसली नाही. "खरं सांग. लशीनं तुज्या हाताला काय झालं?"

"काहीच नाही."

"मंग लागली का नाय?"

"लागली. आतलं काम बाहेरून दिसतंच असं नाही. काहींना सूज येते, काहींना येत नाही. हे मी कालच सांगायला हवं होतं. पण मला भीती वाटली, आत्या. तू लस घेणार नाहीस, आणि दादाच्या हळदीला तू पुन्हा तो मास्क लावून... गेल्या वर्षी तू बोलूसुद्धा शकत नव्हतीस. घर कसं शांत झालं होतं." गालावरच्या पुरळावर अश्रू पडले की किती झोंबतात, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही!

आत्या स्वयंपाकघराकडे वळून ओरडली, "फोडनी द्या गो! पाव्हनं उपाशी ठेवताव काय?"

जेवणं झाल्यावर सुरणाची खाज उतरावी म्हणून ती स्वतः माझ्या हाताला चिंचेचं पाणी चोळत बसली. चोळता चोळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंगलवारी माज्या दम्याची गोली आनाला जायचंय. तवाच टोचून येऊ. तू चल संगती. त्या डॉक्टरचं बोलनं मना समजत नाय, तुजं समजतं." आत्यानं माझ्या भरवशावर सोडलेली ही पहिली गोष्ट. मला एवढं भरून आलं, की पाच मिनिटं मी खाजवायचंही विसरले.

मंगळवारी दवाखान्यात आत्यानं डाव्या हाताची बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाली, "हितं, देवीच्या खुनीच्या बाजूला दे. दोघींची वलख होऊ दे." बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना तिनं सांगितलं, "ही माजी भाची. आमच्या घरातून कालेजात गेलेली पैली! हिनं सांगितलं म्हनून घेते, नायतर मी कोनाच्या बापाचं ऐकत नाय." माझी मान ताठ झाली. नर्मदाकाकीही सासूला घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी आत्याचा हात धरला आणि पहिल्यांदाच जाणकारासारखं सुईकडे नीट निरखून पाहिलं. (शनिवारी माझ्या वेळी मी डोळे गच्च मिटले होते.)

आत्या सांगते, की तिला मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही. टोचून झालं, तिनं बाही खाली केली आणि ती पदरानं वारा घालत बसली. लस आत्यानं घेतली. शुद्धीवर आणून अर्धा तास खाटेवर आडवं करून निगराणीखाली ठेवलं ते मला!