भोकाभोवतीचं कोरं कडं

कारखान्यात त्याला सगळे ठिपक्या म्हणत. रंग मारणारा माणूस, कोपरापासून कानाच्या पाळीपर्यंत राखाडी ठिपके. लग्नाच्या फोटोतसुद्धा एक ठिपका गालावर बसलेला. बायको म्हणायची, "मी तीळ समजून हो म्हटलं होतं."

हात मात्र असा, की त्याने रंगवलेल्या पत्र्यात बघून भांग पाडावा. आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. तिथूनच सगळं बिघडलं.

कारखाना लोखंडी कपाटांचा. कपडे ठेवायची नव्हेत, आत कॉम्प्युटरची यंत्रं बसवायची कपाटं. असल्या यंत्रातून एक न दिसणारी खरखर सुटते. ती शेजारच्या यंत्राच्या कामात लुडबुड करते, आणि शेजारच्याची खरखर आत शिरून याचं डोकं फिरवते. बंद पत्रा तिला अडवतो. पण केबल आत न्यायची तर पत्र्याला भोक पाडावंच लागतं, आणि करपलेल्या दुधाचा वास जसा दाराच्या फटीतून जिन्यापर्यंत जातो, तशी ती खरखर त्या भोकातून पसार होते.

भोक बुजवायचं काम ठिपक्याच्या थोरल्या बहिणीचं. केबलच्या रबराखाली तांब्याच्या तारांची विणलेली जाळी असते. ताई रबर सोलून ती उघडी करायची, भोकाभोवती सारखी पसरायची आणि वरून धातूचा पट्टा आवळायची. जाळी पत्र्याला सगळीकडून टेकली की खरखरीची वाट बंद. म्हणून भोकाभोवती बांगडीएवढं कडं कोरं ठेवायचं, तिथे रंगाचा थेंब नको, हा नियम. ठिपक्या त्या जागी गोल चिकटपट्टी लावायचा, रंग मारायचा आणि मग पट्टी सोलून काढायचा.

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. या कारखान्यातही तिनेच त्याला चिकटवलं. आता ती सगळ्या शेडचीच ताई होती, साहेबांचीसुद्धा.

दमट हवेत कपाटं पडून राहिली आणि ती कोरी कडी काळवंडली. माल बघायला आलेलं एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "नव्या कपाटाला गजकर्ण झालंय की काय?" साहेबही हसले. ते विसरून गेले, ठिपक्या विसरला नाही. पुढच्या मालाला त्याने प्रत्येक कडं घासून चकचकीत केलं आणि वर वॉर्निशचा एक पातळ हात फिरवला. पाण्यासारखं वॉर्निश, लावलंय हे सांगूनही दिसायचं नाही. रंग लावायचा नाही असं सांगितलंय, वॉर्निश म्हणजे रंग थोडाच? प्रश्नही त्याचा आणि उत्तरही त्याचंच. तयार कपाटांची गळती मोजणाऱ्या मीटरवाल्याला एका शब्दाने विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं झालं.

तो माल तपासणीच्या खोलीत गेला आणि मीटरवाला तोंड पाडून बाहेर आला.

"ताई, गळतंय."

"कुठून?"

"भोकापाशी मीटर नेला की काटा उडतो. तुमचे पट्टे नीट बसले नाहीत."

"पट्टे मी आज बसवतेय का रे?"

तरी तिने ते सोडवले, जाळी पुन्हा पसरली, पुन्हा आवळले. काटा उडायचा तो उडालाच. पत्रा तर कोरा दिसत होता, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय जाईना.

ठिपक्या स्प्रे गन हातात घेऊन तिथेच उभा होता. जाळी पत्र्याला लागतच नाही, मध्ये आपलं वॉर्निश आहे, हे त्याच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. त्याने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताईच म्हणाली, "माझेच डोळे दगा देत असतील. परवा चहात साखर म्हणून मीठ घातलं मी."

उघडलेलं तोंड त्याने मिटलं. आयता दुसरा दोषी सापडला, आणि तोही स्वतःहून पुढे आलेला.

नंतर ती चष्मा बदलायला निघाली तेव्हा सोबत हाच गेला. दुकानाच्या पायऱ्या चढताना तिचा हात धरला. दुकानदार म्हणाला, "नंबर जरासाच वाढलाय." ताई म्हणाली, "बारीक काम बिघडायला जरासंच पुरतं." ठिपक्या काचेच्या कपाटातल्या फ्रेमा बघत राहिला. एकही फ्रेम त्याला दिसली नाही.

त्याने मनाशी ठरवलं, गुपचूप निस्तरू. जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की तो पॉलिश पेपर घेऊन शेडमध्ये शिरायचा आणि एकेक कडं खरवडून कोरं करायचा. हातातला डबा तसाच परत घरी. बायको विचारायची, "माझ्या हाताची चव गेली का?" तो म्हणायचा, भूक नव्हती.

पण त्याच सुमाराला ताईने साहेबांना सांगून पॅकिंगचं टेबल मागून घेतलं. खोक्यात थर्माकोल कोंबायचा आणि चिकटपट्टी मारायची. तिच्या जागी एक नवी बाई आली. नाव कळायच्या आत सगळे तिला नवी म्हणू लागले. नवीने बसवलेलं पहिलं कपाट तपासणीत पास झालं. दुसरंही झालं. साहेब शेडभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, नजर तरुण पाहिजे."

कपाटं खरवडून कोरी केलेली होती, म्हणून पास होत होती. हे एकट्या ठिपक्याला माहीत. निस्तरायला गेला आणि ताईच्या कपाळावरचा शिक्का त्याने आणखी गडद करून ठेवला.

संध्याकाळी ताई त्याला म्हणाली, "बघ, माझंच चुकत होतं. उगाच मीटरवाल्यावर डाफरले मी." हे तिने हसत म्हटलं, म्हणून त्याला जास्त लागलं.

मग ताई घरातही हात आखडायला लागली. सुईत दोरा ओवायचा तर शेजारणीला हाक. ठिपक्याची लेक दर सुट्टीला आत्याकडून नखं कापून घ्यायची. तिला आईची भीती वाटायची, आत्याची नाही. एका सुट्टीला ताईच्या घरी पोर हात पुढे करून बसली, तर ताई म्हणाली, "आता आईकडून घे गं. माझा नेम नाही, मांस कापलं जायचं."

"वन्सं, असं काय करता?" ठिपक्याची बायको म्हणाली. "तुमच्याएवढा हलका हात आहे कोणाचा?"

"होता," ताई म्हणाली.

ठिपक्याला तिथे बसवेना. लेकीला घेऊन बायको घरी गेली, तरी तो दारापाशी चपलेत पाय घालून घुटमळत राहिला.

"काय रे? काही विसरलास?"

"ताई, तुझे डोळे ठीक आहेत."

"तू कधीपासून डोळ्यांचा डॉक्टर झालास?"

मग त्याने सगळं सांगितलं. गजकर्ण, वॉर्निश, सुट्टीतला पॉलिश पेपर. सांगताना तो भिंतीकडे बघत होता. ताईने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"कधी कळलं तुला?"

"मीटरवाला बाहेर आला तेव्हाच."

"म्हणजे चष्म्याच्या दुकानात जायच्या आधी."

"हो."

तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाली, "वॉर्निशचं मला काही नाही. मी तुला लहानपणापासून ओळखते, चांगल्या भिंतीवरही तू खडूने रेघा ओढायचास. पण तू मला हाताला धरून पायऱ्या चढवल्यास रे. आणि मी घरी येऊन म्हटलं, भाऊ असावा तर असा."

ती रागावून ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी त्याने साहेब, मीटरवाला, नवी, सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं. न खरवडलेलं एक कपाट उरलं होतं. त्यावर नवीने पट्टा बसवला. काटा उडाला. कडं खरवडून पुन्हा बसवला. काटा झोपला. साहेब म्हणाले, "ठिपक्या, तुला रंग मारायला ठेवलाय की शृंगार करायला?" कोणी हसलं नाही. त्यांनी ताईला जुन्या टेबलावर बोलावलं. ताई म्हणाली, "येते, पण नवीला उठवायचं नाही. पोरीचा हात चांगला आहे. टेबल लांब आहे, दोघी मावू."

आता ताई तिच्या जागेवर बसते. ठिपक्याशी बोलतेही, डब्यातली भाजी देते. पण प्रत्येक कपाटावर पट्टा चढवायच्या आधी ती थांबते. कड्यावरून अंगठा फिरवते, पुन्हा फिरवते, आणि त्याला हाक मारते.

मीटरवाला एकदा म्हणाला, "ताई, पुरे झाली शिक्षा. किती पळवाल त्याला?"

"शिक्षा कसली रे?" ताई म्हणाली. "मला आता खात्रीच वाटत नाही. कोणीतरी सांगावं लागतं."

ठिपक्याने ते ऐकलं. तेव्हापासून हाक आली की तो हातातलं काम तसंच टाकतो, बोटं पुसतो आणि तिच्या टेबलापाशी जातो. कड्यावरून नख फिरवतो, अगदी पूर्ण गोल.

"कोरं आहे, ताई."

"नक्की?"

"नक्की."

मग ती पट्टा उचलते.