अनवाणी अक्का

हळ्ळीखेडच्या स्टँडवर मी बिदरच्या गाडीची वाट बघत पेपर उघडला, की फुलं विकणारी ती अक्का जवळ यायची. तिचा मुलगा लष्करात होता, आणि त्याची तुकडी कांचनगंगा चढत होती. तो डोंगरावर असेपर्यंत तिनं चप्पल सोडली होती.

“अण्णा, वर पोचला तर देवाच्या डोक्यावर पाय पडंल की वो त्येचा,” ती रोज म्हणायची. मला राग यायचा. पोरगा बर्फाच्या कड्यावर लटकलाय आणि हिला देवाचं पडलंय!

एक दिवस बातमी आली. मी मोठ्यानं वाचली. तुकडी वर पोचली होती. तिथले लोक शिखराला देव मानतात, म्हणून माथ्यावर पाय न ठेवता सगळे जरा खालीच थांबले होते. अक्कानं पाटी खाली ठेवून हात जोडले.

“घाला आता चप्पल,” मी म्हणालो.

“चढलाय व्हय. उतरलाय म्हणून कुठं लिवलंय, बघा की.”

मी बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. गाडी आली आणि गेली. तापलेल्या डांबरावर एकेक पाय उचलून धरत ती अजून उभीच होती.