खंडोबाच्या नावची भाकरी

बाणूला विष घातलं गेलं ते रविवारी, सकाळी साडेसातला, तासगावच्या शिवारात, द्राक्षबागेच्या कुंपणाशी. बाणू म्हणजे आटपाडीकडच्या बिरूमामांची मेंढरं राखणारी कुत्री. मेंढरं खतासाठी बागायतदारानंच बोलावून शेजारच्या रानात बसवली होती. कुत्री मात्र ठिबकच्या नळ्या चावते म्हणून नको होती. मग सांगायचं ना, बांधून ठेवा म्हणून! यानं भाकरीला फवारणीचं विष चोळलं.

मी याच विषाविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटते. त्या सकाळी पत्रकं घेऊनच तिथं पोचले. बाणू आडवी पडून थरथरत होती, तोंडातून लाळेची धार, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आणि मी काय केलं? लहानपणापासून पाहिलेलं केलं. मामांना म्हटलं, "तूप पाजा." चार चमचे गेलेही. तुपानं असलं विष अंगात आणखी भिनतं, हे बाणूला जनावरांच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं. माझ्या एकाही पत्रकात ते नव्हतं. 'जाहीर निषेध' मात्र तीन ठिकाणी होता.

डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिन, विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन, सुरू केलं. लाळ आटेपर्यंत, छातीतली घरघर थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. लाळ कमी झाली, पण पायांची थरथर थांबेना, श्वास तोकडा पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, "दुसरं इंजेक्शन आहे माझ्याकडे, पण ते सगळ्या विषांवर चालत नाही. आणि त्याला उशीर झाला की उपयोग नाही. विषाची बाटली दाखवा." मी बागायतदाराला फोन लावला. "कसली बाटली? कुठलं कुत्रं?" म्हणाला आणि फोन ठेवला.

मामांनी कमरेच्या पिशवीतला भंडारा बाणूच्या कपाळाला लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, आता तुजं पत्रक पाजू का तिला?"

त्या शब्दांनी मी पेटले. कित्येक वर्षांत देवाकडं काही मागितलं नव्हतं. तेव्हाही मागितलं नाही, भांडले. खंडोबा, कुत्रं तुझं म्हणतात, रविवार तुझा म्हणतात. मग आहेस कुठं?

थोड्या वेळानं दारात एक अनोळखी म्हातारी आली, अनवाणी, धापा टाकत. पदराखालून तिनं रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. "आवं डॉक्टर, ही बघा. माज्या पोरानं वापरली. त्यो फोनवर खोटं बोलला तवा मी चुलीपाशीच हुते."

डॉक्टर लेबल वाचून लगेच इंजेक्शन भरायला वळले. ती मामांसमोर उभी राहिली. "दादा, रोजची पयली भाकरी मी कुत्र्याची म्हणून काढते, खंडोबाच्या नावानं. कुंपणापाशी ठिवते. तिला माज्या हातची सवय लागलीया. त्यानं त्याच भाकरीला चोळलं वो."

मामा चिमूटभर भंडारा तिच्या तळहातावर ठेवून एवढंच म्हणाले, "आता घरात घ्येतील का तुमास्नी?"

"न घेऊन जात्यात कुठं? घर माज्या नावावर हाय."

दुपारी थरथर थांबली. दिवस कलताना बाणूनं मान उचलली आणि ती माझ्यावर गुरगुरली. "वळखलं तिनं तूपवालीला," मामा म्हणाले, तोंड फिरवून डोळे पुसत.

म्हातारीला दारात आणलं तो देव होता का, मला माहीत नाही. त्यावर मी वाद घालणार नाही. माझा राग अजून शमलेला नाही, शमू नये अशीच इच्छा आहे. देवाच्या नावानं काढलेल्या घासाला विष लावणारा हात मी विसरणार नाही. पण पोटच्या पोराचं नाव आपल्या तोंडानं सांगून ती म्हातारी ज्या शांतपणे बाकावर टेकली, त्यात मला शरण जाणं म्हणजे काय ते पहिल्यांदा दिसलं. त्या दिवसापासून नव्या पत्रकात पहिली ओळ तुपाची आहे. माझ्या चुकीसकट.

आता तुम्ही. तुमच्या शिवारात कुणी असा घास ठेवला असेल आणि बाटली कुठं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर हळहळत बसू नका. तूप पाजू नका, दूध पाजू नका. बाटली उचला आणि जनावरासोबत दवाखान्यात घेऊन या. ती तुमच्याच घरातली असली, तरी आणा.