दाजींचा मधला खडा

आमच्या दाजींइतका चौकस माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नव्या पेठेत कापडाच्या दुकानात ते लुगडी दाखवायला असत. दिवसभर गिऱ्हाइकापुढे एकाशी एक पदर ताडून दाखवायची सवय घरीही सुटत नसे. साधी चप्पल घ्यायची तरी पाच दुकानं पालथी घालत, आणि पुन्हा पहिल्याच दुकानात येऊन त्या बिचाऱ्याला उरलेल्या चौघांचे गुण ऐकवत. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मला नुकतीच मास्तरकी लागली होती आणि मी त्यांच्याकडेच राहत होतो. ते मला गुरुजी म्हणत, थोडं थट्टेनं, थोडं मायेनं.

त्या उन्हाळ्यात दाजींच्या कुशीत कळ उठली आणि एक्स-रेत मूतखडा निघाला. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "बारीक असता तर पाण्याबरोबर गेला असता. मोठा असता तर मी लगेच ऑपरेशनच सांगितलं असतं. हा मधला, हरभऱ्याएवढा आहे. काही दिवस वाट बघता येईल, नाहीतर कूस उघडून काढावा लागेल. मात्र थंडीताप आला तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही." निवडायला दोन वाटा आहेत म्हटल्यावर दाजींचा चेहरा त्या दुखण्यातही उजळला.

मग एक्स-रेचं पाकीट काखेत मारून त्यांची फिरती सुरू झाली. वैद्यांनी पाषाणभेद दिला, होमिओपॅथीवाल्यांनी साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या, शेजारणीनं हुलग्याचं कढण सांगितलं. दाजी तिन्ही घेत. "मग गुण कुणाचा आला ते कळणार कसं?" मी विचारलं. "गुरुजी, आधी खडा तर पडू दे की. मग भांडू द्या तिघांना." कुंभारीच्या एका शेतकऱ्यानं स्वतःचा पडलेला खडा काडेपेटीत जपून ठेवलाय असं कळलं, तर एसटीनं तिकडं गेले आणि तो खडा एक्स-रेवर ठेवून बघून आले. "त्याचा तांदळाएवढा हाय. आपला लई दांडगा," असं सांगताना स्वरात काळजी होती आणि किंचित अभिमानही. पेठेतल्या एका हॉटेलवाल्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याला गल्ल्यावरून उठवून, सदरा वर करायला लावून, दाजींनी खिशातल्या टेपनं व्रण मोजला. "साडेनऊ इंच," त्यांनी जेवताना अक्काला सांगितलं. त्या दिवशी मात्र त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

श्रावणात एका दुपारी ते दोन वाकळांखाली कुडकुडू लागले. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी टांगा घेऊन आलो, तर दाजी म्हणाले, "टेंभुर्णीला एक जण हाय म्हणं. तेवढं त्याला विचारू, मग बघू."

तीन महिने मुकाट्यानं कढण उकळणाऱ्या अक्कानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "साऱ्या सोलापूरला विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत का?"

दाजींनी अंगावरच्या वाकळा बाजूला सारल्या. मग हळूच म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"करून घ्या. मला लई भ्या वाटतंय, पर करून घ्या."

"मलाबी वाटतंय," दाजी म्हणाले आणि उठून स्वतःच सदरा घालू लागले. इतक्या महिन्यांत हे एवढंच त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी ताप उतरवला, मग ऑपरेशन झालं. खडा निघाला, मूत्रपिंड वाचलं. त्या काळी आमच्याकडे नवराबायको चारचौघांत शेजारीसुद्धा बसत नसत. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन वॉर्डात गेलो, तर दाजी झोपले होते आणि अक्काचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून छातीवर ठेवला होता. अक्का अवघडून वाकून बसली होती, पण हात सोडवून घेत नव्हती. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. भात पार गार झाला.

"उशीर का रं केलास?" अक्कानं नंतर विचारलं. टांगा मिळाला नाही, असं मी सांगितलं. आज दोघंही नाहीत. खरं कारण तिला सांगायचं राहूनच गेलं.